सातबाऱ्यातली तिरकी रेघ

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
आणि
मा. जिल्हाधिकारी, धुळे
यांस,



जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये माझे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. पाटी दुरुस्तीची असली तरी आता निम्मे काम बिऱ्हाड हलवण्याचे असते. संस्था जुना संगणक काढते आणि फायली ठेवायला नवी पेटी घेते. वीस वर्षांच्या फायली एका घरातून दुसऱ्या घरात न्यायच्या आणि एकही वाटेत सांडायची नाही. जुने घर विंडोजचे असते, नवी पेटी आतून बहुतेक लिनक्सची असते आणि छपाईवाल्याकडे मॅक असतो. तीन घरांचे तीन रिवाज.

दोघांना मिळून एक पत्र लिहितोय, कारण १९०६ पर्यंत आपली दोन्ही कार्यालये एकच होती. खानदेश जिल्हा एक, मुख्य ठिकाण धुळे. मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. प्रत्येक वाटणीत दप्तर वाटावे लागले. म्हणजे सामाईक कागद एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचा अनुभव तुमच्या कचेऱ्यांना माझ्यापेक्षा शंभर वर्षांनी जास्त आहे. म्हणून गाऱ्हाणे तुमच्याच दारात आणले. ते तुमच्या कचेरीविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो.

एक प्रयोग करून पाहावा. समोरच्या संगणकावर एक रिकामी फाइल करा आणि तिला नाव द्या: ७/१२.

नाव घेणार नाही. विंडोज एक चौकट दाखवेल आणि त्यात नऊ चिन्हे असतील: तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाची दोन आणि उभी रेघ. लिनक्सला यातली आठ चालतात, पण तिरकी रेघ त्यालाही चालत नाही, कारण ती तिथे एका फोल्डरमधून दुसऱ्यात शिरण्याचे दार आहे. मॅक मात्र हसून ७/१२ लिहू देतो आणि आत गुपचूप रेघेच्या जागी कोलन ठेवतो. ती फाइल विंडोजकडे आली की तो कोलनही नाकारतो.

म्हणजे ज्या कागदावर इथल्या माणसाची शेती, कर्ज, विमा आणि भाऊबंदकी चालते, त्या कागदाचे खरे नाव संगणकात लिहिताच येत नाही. मग लोक आपापली वाट काढतात. कुणी मधे आडवी रेघ देतो, कुणी खालची रेघ, कुणी टिंब, कुणी अक्षरांत सातबारा लिहितो, आणि घाईतला माणूस रेघच गाळून ७१२ लिहून मोकळा होतो. सातबाऱ्यापुरते हे चालून जाईल. पण गट क्रमांकातही तीच रेघ आहे. ४५/२ मधली रेघ गळाली की ४५२ होतो, आणि ४५२ गट दुसऱ्याच कुणाचा असतो. तुमच्या प्रत्येक पत्राच्या जावक क्रमांकातही चार-पाच तिरक्या रेघा असतात. महसुलाची सगळी भाषाच या रेघेवर उभी आहे आणि संगणकाची सगळी भांडणेही.

कोलनची गोष्ट जास्त आपली आहे. मराठी टंकलेखनात विसर्ग शोधायचा कंटाळा येतो, म्हणून ‘स्वतः’, ‘निःशुल्क’, ‘दुःख’ यांत बहुतेक जण इंग्रजी कोलन मारतात. कागदावर फरक कळत नाही. पण ‘स्वतःचे घोषणापत्र’ या नावात कोलन असला, तर लिनक्स ती फाइल आनंदाने ठेवतो आणि विंडोज तिला हात लावत नाही. लिनक्सवरून विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या हार्ड डिस्कवर नेलेल्या अशा फायली मी पाहिल्या आहेत. यादीत नाव दिसते, दोनदा दाबले की चूक दाखवते. शिरपूरकडच्या एका कारकुनाने फोनवर नेमके सांगितले होते, “फाईल शे भाऊ, पन उघडस नही.” या रोगाचे याहून अचूक वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

आणि मर्या.! सहकारी संस्थांच्या नावाचा शेवट ‘मर्या.’ किंवा ‘लि.’ असा टिंबाने होतो. विंडोजला नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. फोल्डर करताना ते टिंब तो न विचारता खाऊन टाकतो. लिनक्स ते जपून ठेवतो. मग एकाच सोसायटीची दोन फोल्डरे होतात, एक टिंबाचे आणि एक बिनटिंबाचे. टिंबाचे फोल्डर विंडोजवर आले तर उघडतही नाही आणि पुसलेही जात नाही. घरात आलेल्या पाहुण्याला जा म्हणता येत नाही, तशातली गत.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. संस्थेचे नाव घेत नाही, तिची चूक माझ्याइतकीच होती.

जळगावात मुख्य कचेरी, धुळ्यात शाखा. जुना सामाईक फोल्डर विंडोजवर होता, तो मी लिनक्सच्या पेटीवर हलवला. अहवाल छापणाऱ्याने त्याच्या जुन्या मॅकवरून काही फायली झिप करून पाठवल्या होत्या, त्याही तिथे सोडल्या. दोन महिन्यांनी कळले की एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी अंतिम’ नावाच्या दोन फायली आहेत. अक्षर न् अक्षर सारख्या. एका जागी एका नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत, हे मी पोरांना शिकवतो, आणि इथे डोळ्यांसमोर दोन बसलेल्या. धुळ्याची शाखा एकीत दुरुस्त्या करत होती आणि जळगावने पुढे पाठवली ती दुसरी. ज्यांचे नाव त्या यादीत यायचे राहिले, त्या रावेर तालुक्यातल्या बाई तीन वेळा जळगावला आल्या. प्रत्येक वेळी त्यांना सांगितले गेले की तुमचे नाव यादीत आहे. ते खोटे नव्हते, एका यादीत होतेच.

कारण होते ऱ. शेतकऱ्यांच्या, दऱ्यांच्या आणि या पत्राच्या मथळ्यातल्या सातबाऱ्याच्या पोटात बसलेला तो अर्धा र. युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतात. दुसऱ्यात साधा र, खाली नुक्ता आणि मग हलंत. तिसऱ्यात साधा र, हलंत आणि पुढे एक न दिसणारा सांधा, ज्याला रुंदीच नाही. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. विंडोजवर टंकलेली फाइल पहिल्या तऱ्हेची होती. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत, जी २०१७ च्या हाय सिएरापर्यंत चालली, प्रत्येक नावाची अक्षरे सुटी करून ठेवत असे, म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता. झिपमधून तेच सुटे नाव आले. लिनक्स अक्षरे वाचत नाही, बाइट मोजतो. पहिल्या तऱ्हेने ‘शेतकऱ्यांची’ ३३ बाइटांचे होते आणि दुसऱ्या तऱ्हेने ३६ बाइटांचे. त्याच्या हिशेबी ती दोन माणसे होती. तिसऱ्या तऱ्हेनेही ३६ च भरतात, पण ती ३६ वेगळी.

पहिली आणि दुसरी तऱ्हा एक करून देणारी साधने आहेत. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचे फुकटचे साधन हे काम करते. त्याची एक सवय मला फार आवडते. काय बदलणार आहे ते आधी नुसते दाखवते आणि स्पष्ट हुकूम दिल्याखेरीज काही बदलत नाही. पण तिसऱ्या तऱ्हेचा न दिसणारा सांधा युनिकोडच्या एकरूपतेच्या नियमात बसत नाही, तो आपणच शोधून काढावा लागतो. ‘ॲ’चेही तसेच. २००८ मध्ये तो युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून लिहीत आणि अजून लिहितात. युनिकोडच्या नियमाने ही दोन एकमेकांची कुणी लागत नाहीत. वकिलांच्या फायली ‘ॲड.’ने सुरू होतात, म्हणून हे लिहिले. जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाची उबंटू ही लिनक्सची जात चालते आणि वकिलांच्या टेबलावर बहुधा विंडोज. तेव्हा हा प्रश्न एकट्या माझ्या दुकानाचा नाही.

लांबीचेही सांगायला हवे. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत एका नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे घटक. म्हणजे मराठी नाव ८५ घटकांत संपवायचे. ‘प्राथमिक कृषी पतपुरवठा सहकारी संस्था मर्यादित’ एवढ्यातच १२५ बाइट गेले, गावाचे नाव अजून यायचेय. विंडोज २५५ घटक देतो, पण तिथे दुसरी मेख आहे: ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा रस्ता मिळून साधारण २६० घटकांत बसवावा लागतो. नव्या विंडोजमध्ये ही मर्यादा उठवता येते, पण मुद्दाम उठवावी लागते आणि सगळ्या प्रोग्रॅमांना ते मानवत नाही. ‘नवीन फोल्डर’मध्ये ‘नवीन फोल्डर (२)’, त्यात ‘साहेबांचे’, त्यात ‘अंतिम’, त्यात ‘अंतिम खरे’. कागदांसाठी तुमच्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. हा सातवा गठ्ठा कुणी शिकवला ते कळत नाही.

मी हे रडगाणे गायला लागलो की समोरचा एकच तोडगा सांगतो: मराठीत नावे ठेवूच नका, इंग्रजीत ठेवा. मला हा तोडगा मान्य नाही, आणि भाषेच्या अभिमानापोटी नव्हे. माझ्या बाकावरचा अनुभव उलटा आहे. रोमनमध्ये लहान-मोठी लिपी येते. विंडोजला मोठ्या वायने लिहिलेली ‘यादी’ आणि लहान वायने लिहिलेली ‘यादी’ एकच वाटते, लिनक्सला दोन. दोन्ही लिनक्सवरून विंडोजवर आणल्या की एक दुसरीवर बसते आणि खालची गेली. देवनागरीत हा प्रकारच नाही. रोमनमध्ये ‘चौधरी’ लिहायला घ्या: एयू की ओयू, शेवटी आय की वाय. एकट्या जळगाव तालुक्यात चारही तऱ्हा सापडतील. देवनागरीत चौधरी म्हणजे चौधरी. शिवाय विंडोजला डॉसच्या काळापासूनची काही रोमन नावे वर्ज्य आहेत. समिती क्रमांक एकसाठी कुणी ‘कॉम’ ही तीन रोमन अक्षरे आणि पुढे इंग्रजी एक असे फोल्डर लिनक्सवर केले, तर विंडोज ते घेत नाही. ते एकेकाळी एका जोडणीचे नाव होते आणि विंडोज बिचारा ते अजून विसरलेला नाही. तीच अक्षरे देवनागरीत लिहा, काही अडत नाही.

मराठी अडवत नाही. नऊ चिन्हे, शेवटचे टिंब, लांबी, ऱ आणि ॲ, एवढेच अडवते. एवढ्यासाठी भाषा सोडायची तर घुशी झाल्या म्हणून घर पाडण्यासारखे होईल.

खरे नुकसान जुन्या फाँटांनी केले आहे. कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे असतात. त्यात ‘जळगाव’ म्हणजे टी, मोठा जी, एक्स, के, ओ. विचित्र, पण नाव म्हणून चालण्यासारखे. ‘धुळे’ मात्र तिरक्या रेघेने सुरू होते, कारण कृतिदेवचा अर्धा ध म्हणजे तीच रेघ! ‘घरकुल’ प्रश्नचिन्हाने सुरू होते आणि ‘कृषी’च्या पोटात दुहेरी अवतरण आहे. वर्डला जतन करायला सांगितले की तो पहिल्या ओळीवरून नाव सुचवतो आणि लोक तसेच ठेवतात. म्हणून जुन्या संगणकांत जळगावच्या फायली वेड्यावाकड्या का होईना पण सलग नावाच्या सापडतात, आणि धुळ्याच्या डोके उडालेल्या. धुळेकरांनी हे मनावर घेऊ नये.

धुळ्याचा विषय निघालाच आहे तर राजवाड्यांचे नाव घेतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, आणि एकूण खंड बावीस. त्यात कागदांना लेखांक आहेत. कागदाचा मायना लांब असेल, नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले असेल, पण लेखांक एकच आणि आखूड. आज ‘खानदेश’ लिहावे की ‘खान्देश’ यावर आपण भांडू शकतो. संगणक भांडत नाही, तो दोन फोल्डर करतो. आधी आखूड क्रमांक आणि मग मराठी नाव, ही राजवाड्यांच्या खंडांतली रीत कुठल्याही पेटीत चालेल.

पण माझी मुख्य मागणी तीही नाही. ती तुमच्याच खात्यातून उचललेली आहे.

सातबाऱ्यावरचे नाव कुणी उगाच बदलत नाही. गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मग नोंद प्रमाणित होते. जमिनीच्या नावाला एवढे सोपस्कार. संगणकात मात्र फायली हलवताना यंत्र स्वतःच नाव बदलते. टिंब खाते, चिन्हाच्या जागी खालची रेघ घालते. लिनक्सच्या पेटीवरची सांबा नावाची सेवा तर विंडोजला न मानवणाऱ्या नावाऐवजी काही रोमन अक्षरे, एक नागमोडी रेघ आणि काहीबाही असे आठ अक्षरी नाव दाखवते. ‘स्वतःचे घोषणापत्र’ अशा वेषात समोर आले तर त्याला त्याची आईही ओळखणार नाही. यातल्या एकाही बदलाची कुठे फेरफार नोंद नसते. जुने नाव काय होते ते कुणालाच सांगता येत नाही, आणि फाइल हरवली म्हणतात ती बहुतेक वेळा हरवलेली नसते, तिचे नाव तेवढे हरवलेले असते.

त्या संस्थेचे काम मी शेवटी असेच निस्तरले. दोन स्तंभांची यादी केली, जुने नाव आणि नवे नाव. आधी जुन्या संगणकावरची सगळी नावे उतरवून घेतली, अडणारी वेगळी काढली, बदल तिथेच केला आणि मग हलवले. हलवल्यावर दोन्हीकडच्या फायली मोजल्या. बदलाची यादी आठ दिवस जळगाव आणि धुळे दोन्हीकडे भिंतीवर लावली. त्या आठ दिवसांत लोकांनी चौदा चुका दाखवल्या आणि त्यातल्या अकरा माझ्या होत्या. एका शिपायाने सांगितले की ज्याला मी ४५-२ केले तो गट दोन पोटहिश्शांचा आहे, आणि विचारले की त्यातला ब हिस्सा कुठे गेला. ते मला कुठल्याही साधनाने सांगितले नसते.

म्हणून विनंती अशी. दोन्ही जिल्ह्यांत जिथे जिथे सामाईक फोल्डर आहेत, सोसायट्या, पंचायत समित्या, शाळा, तिथे एका पानाचे परिपत्रक जावे. त्यात ती नऊ चिन्हे छापावीत. विसर्ग विसर्गाच्या कळीने लिहावा, मर्या. पुरते लिहावे किंवा सोडून द्यावे, आणि कार्यालयातल्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा, म्हणजे ऱ आणि ॲ आपोआप एका तऱ्हेचे होतील, हे सांगावे. गट क्रमांकातल्या तिरक्या रेघेच्या जागी काय लिहायचे ते तुम्ही ठरवावे, माझ्यासारख्याने नव्हे. दोन्ही जिल्ह्यांत ते एकच असावे. आणि फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्याने, तो माझ्यासारखा दुकानदार असला तरी, नावांची फेरफार नोंदवही दिल्याखेरीज त्याचे बिल काढू नये. माझे धंदेबंधू मला शिव्या देतील, देऊ देत.

तिरक्या रेघेच्या जागी माझे मत आडव्या रेघेला आहे आणि पोटहिस्सा अक्षरासह लिहिण्याला आहे, पण त्यावर हट्ट नाही.

एवढेच. परिपत्रक निघाले तर त्याची फाइल जतन करताना जावक क्रमांकातल्या तिरक्या रेघा तेवढ्या काढून घ्याव्यात.

कळावे,

आपला विश्वासू,
गोलाणी मार्केटमधला एक संगणक दुरुस्तीवाला
जळगाव